माघारीचा दिवस

आमदार इंद्रकुमारजींनी पुन्हा फोन कापला, तेव्हा ईश्वरदासने हातातला चहा कपासकट अंगणात भिरकावला. त्याच्या बायकोने, सुशिलाबाईंनी, तुकडे वेचले आणि त्या दुसरा चहा ठेवायला आत गेल्या.

व्हिडिओ फिरायला लागल्यापासून घरात हेच चाललं होतं. जिल्हा परिषदेचं तिकीट मिळालं त्या आनंदात ईश्वरदासने आपल्याच ओसरीवर चार दोस्तांना कोंबडं खाऊ घातलं होतं. जेवता जेवता हा हसत म्हणाला, "जंगलातली बाई अन् तिचं मत, दोन्ही एका साडीत भेटते." अर्ज भरून झाले आणि हे वाक्य कामठ्यापासून आमगावपर्यंत जो तो फोनवर ऐकू लागला. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायकांनी त्याच्या फोटोला चपलांनी बडवलं. चांगलं केलं.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. आमदार म्हणाले, ते त्यांचं वैयक्तिक मत. तालुकाध्यक्ष दुलीचंद आठवड्यातून दोनदा या घरी जेवायचा. त्याने पत्रकारांना सांगितलं की उमेदवार वरून ठरला, आपली काही खास ओळख नाही. महिला आघाडीने तर निषेधच केला. प्रचाराची गाडी कुडव्याच्या चौकातूनच परत फिरली.

व्हिडिओ कोणी काढला, यावरून ईश्वरदासचं चारही दोस्तांशी भांडण करून झालं होतं. पण खरा राग पक्षावर होता. माणूस डूख धरणारा. एकदा धरला की सोडणं नाही.

सुशिलाबाईंना याचा अनुभव होता. मागे त्या सरपंच होत्या, म्हणजे नाव त्यांचं आणि खुर्चीत बसायचा हा. ग्रामसभेत एकदाच त्या याच्या मताविरुद्ध बोलल्या, तर याने भर सभेत त्यांच्या कानाखाली वाजवली. त्यानंतर त्या सभेत कधी बोलल्या नाहीत. गावात म्हणू लागले, बाई फार समजदार.

"मी फार्मच वापस घेतो," चहाचा घोट घेत ईश्वरदास म्हणाला. "उद्या माघारीचा आखरी दिवस. तीन वाजले का खेल खतम. पक्षाले ह्या गटात उमेदवारच नाही राहात. मंग बसा म्हना बोंबलत."

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा तो असा.

"अन् माह्या फार्मचं काय करता जी?" सुशिलाबाईंनी हळूच विचारलं.

ईश्वरदास थबकला. हे तो विसरलाच होता. आपला अर्ज छाननीत उडाला तर जागा घरातच राहावी, म्हणून इकडे सगळेच बायकोचाही अर्ज अपक्ष भरून ठेवतात. डमी म्हणतात त्याला.

"बरं झालं आठवलं. तुहाही वापस घ्याचा. नाही तं ते चोट्टे तुलेच पाठिंबा देऊन मोकळे होतीन."

"हाव जी. तुमी म्हनान तसं."

"तिथं काही बोलजो नोको. सही कर अन् बाहेर ये."

सकाळी दुलीचंदचाच फोन आला. ईश्वरदासने मुद्दाम स्पीकर लावला.

"भाऊ, ऐकलं ते खरं हाय काय? असं नोका करू जी. पक्षाचं नाक कटते. तुमचे पाय धरतो."

"कालपरेंत ओळख नव्हती न? मंग अनोळखी मानसाचे पाय कायले धरून राहिला?" ईश्वरदासने फोन कापला आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवला.

गोंदियाच्या तहसीलमध्ये ही गर्दी. एकेका उमेदवाराला आत बोलावत होते. "आधी मी," ईश्वरदास म्हणाला. घरात, गाडीत, पंगतीत, तो नेहमीच आधी. सही करून तो बाहेर आला आणि बायकोला आत पाठवून सरळ पत्रकारांच्या घोळक्यात शिरला.

"भैय्या, अब पार्टी का क्या होगा?"

"पार्टी को बोलो, बाजार से कैंडिडेट खरीद के लाए!"

मग तो बोलतच सुटला. एकेकाचं नाव घेऊन त्याने वाभाडे काढले. मन शांत झालं तेव्हा तीन वाजून गेले होते, दार बंद झालं होतं आणि सुशिलाबाई पायरीवर उभ्या होत्या.

"झालं?"

"झालं जी."

तेवढ्यात आवारात गाड्या शिरल्या. आमदार उतरले, दुलीचंद उतरला, मागून हार घेऊन महिला आघाडी. आता हे नाक घासणार! ईश्वरदासने दुपट्टा सारखा केला आणि छाती काढून उभा राहिला.

बायका त्याला वळसा घालून गेल्या. हार सुशिलाबाईंच्या गळ्यात पडला. आमदारांनी माईक हातात घेतला आणि सांगितलं की या गटात पक्षाचा पाठिंबा अपक्ष उमेदवार सुशिलाबाईंना आहे.

ईश्वरदास बंद दाराकडे धावला. आपला अर्ज परत द्या म्हणून त्याने दार बडवलं. खिडकीतून कोणीतरी सांगितलं, एकदा घेतलेली माघार परत घेता येत नाही.

गर्दीतून वाट काढत दुलीचंद सुशिलाबाईंपाशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, व्हिडिओ तुमी मले धाडला, तवा वाटलं हा मानूस आता जागा धरूनच बसते. आपल्या हातानं फार्म वापस घेईल असं नाही वाटलं."

"मले वाटलं होतं," सुशिलाबाई म्हणाल्या. "संसार केला न मी त्याच्यासंग."