ब्रेकच्या पाइपचं माप

“कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण आमच्या समरजितनं ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी थांबायची नि सावली पार सयाजीगंजपर्यंत पुढे जायची!” फतेगंजच्या गॅरेजात संपतराव सांगत होते. मोटारसायकलच्या ब्रेकचा रबरी पाइप काढून स्टीलच्या जाळीचा बसवायला आलेला शुभंकर खदखदून हसला. “बस करो ने, काका! हा आखूड पाइप घाला, नीटनेटका दिसतो.” संपतरावांनी हँडल आधी पुरतं डावीकडे वळवलं, मग उजवीकडे, दोरीनं माप घेतलं आणि लांबच पाइप उचलला. “वळताना पाइप ताणला जातो, बाबा. समरजितचा मीच बसवला होता. काय थांबली गाडी त्या वळणावर!” चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी मथुराबाईंनी आपल्या मुलाच्या, समरजितच्या, हार घातलेल्या फोटोखाली टांगलेल्या तुटक्या पाइपकडे पाहिलं. “थांबली नव्हती हो,” त्या हळूच म्हणाल्या. “तेव्हा तुम्ही हँडल सरळ ठेवून माप घेतलं होतं.”