चिमीच्या सबबी

"मी नाय जाणार," चिमी म्हणाली आणि तिनं मोरीचं दार लावून घेतलं. आतून तांब्याचा आवाज येऊ लागला. सकाळपासूनची ही तिची दुसरी आंघोळ.

सुदाम बाहेर उभा राहून दातओठ खात राहिला. शाळा भरायला अर्धा तास, आणि नववीतली पोर साबण चोळत बसली होती. आठवड्याला एक वडी संपवायची, वर पावडरचे थर, त्यावर कुणाकडून तरी आणलेलं अत्तर. त्याला शिसारी यायची. चौदा वर्षांची मुलगी एवढी नटते ती कुणासाठी, हे कळायला फार अक्कल लागत नाही.

तो स्वतः चौथीतून उठून बापाबरोबर मिठागरात उतरला होता. तळपायाच्या भेगा अजून बुजल्या नव्हत्या. पुढे अंबरनाथच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीत चिकटला, त्याला बारा वर्षं झाली. नवी पोरं तिथं नाकाला रुमाल बांधून फिरत. सुदामचा रुमाल कधीच सुटला होता. बायको भागीरथी जाताना एवढंच म्हणाली होती, पोरीला मॅट्रिक करा. आणि आता शाळेचं पत्र आलं होतं. सोमवारी चिमी आली नाही तर हजेरीपटावरून नाव कमी.

सबबी तरी किती! बाकाचा खिळा टोचतो म्हणाली. सुदाम रजा टाकून शाळेत गेला, बाकावर हात फिरवून आला. खिळाबिळा काही नव्हता. मग पोरी जवळ बसत नाहीत म्हणाली. चौकशी केली, तर मागच्या बाकावर एकटी बसायचं हिनंच मागून घेतलेलं. मग म्हणे आंघोळीच्या पाण्याला घाण वास मारतो. सुदामनं तिच्यादेखत तांब्या भरला, नाकाशी धरून दोनदा श्वास घेतला. निवळशंख पाणी. खोटं बोलायलाही काही लाज असते. तिच्याकडे बघवेना त्याला.

ते पाणी तर तिच्यासाठीच होतं. नळ पहाटे चारला यायचा. चिमी रांगेत उभी राहायची आणि वर्गात पेंगायची. म्हणून दिवाळीत त्यानं कंपनीतून रिकामा निळा ड्रम आणला होता. ड्रम वाटायचे तेव्हा कंपनीच्या आवारात झुंबड उडे. जो तो ड्रममध्ये तोंड घालून हुंगे, शिव्या देई आणि पुढच्याकडे वळे. सुदामनं शांतपणे सात हुंगले. सातही चांगले निघाले. त्यातला सगळ्यात जाड बघून त्यानं रिक्षात घातला आणि घरी नेऊन तीनदा घासला.

तरी एकदा ती नळाच्या रांगेत कळशी घेऊन सापडली.

"ड्रम भरलेला असताना इथं कशाला? पोरं बघायला?"

चिमी रिकामी कळशी घेऊन घरी परतली. त्या दिवसापासून तिचं नळावर जाणं बंद. प्यायच्या दोन कळश्या आणि ड्रम सुदाम स्वतःच भरू लागला.

दार उघडून ती बाहेर आली. ताटातली भाजी तिनं बाजूला सारली.

"बाबा, करपलीय. नका खाऊ."

"नखरे पुरे कर," तो म्हणाला आणि भाजी संपवून उठला.

शनिवारी दुपारी चिमीच्या वर्गशिक्षिका अंजनीबाई घरी आल्या. उंबऱ्यातच थांबल्या, पदर नाकाशी धरला. चाळीतली गटारं बाहेरच्या माणसाला सोसत नाहीत. सुदामनं खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"चिमी रोज आंघोळ करते ना हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"रोज? तीन तीन वेळा करते! तेच तर रडगाणं आहे, बाई. शाळेचं काय ते बोला."

"रागावू नका. तिचे कपडे कुठल्या पाण्यात धुता?"

सुदामचं डोकं सणकलं. पोरीनं बाईंनाही पढवलं होतं! तो तरातरा मोरीत गेला, ड्रमचं झाकण काढलं, तांब्या बुडवला आणि आणून सरळ बाईंच्या तोंडापुढे धरला.

"घ्या. तुम्हीच वास घ्या. हिच्यासमोर एकदाचा निकाल लागू दे."

"बाबा, नको," चिमी म्हणाली.

बाईंनी पदर बाजूला केला. दुसऱ्याच क्षणी त्या मागं सरल्या, धडपडत बाहेर गेल्या आणि गटारावर वाकून भडाभडा ओकल्या. चिमी प्यायच्या कळशीतलं पाणी घेऊन त्यांच्यामागं धावली. बाईंची पाठ चोळताना ती रडत होती.

सुदाम तांब्या धरून तसाच उभा राहिला. त्यानं पुन्हा वास घेतला. मग मोरीतली साबणाची वडी उचलली, नाकाला घासली. चिमीची अत्तराची बाटली उघडली. तीही खाली ठेवली.

स्टोव्हशेजारी रॉकेलची बाटली होती. बूच काढून त्यानं ती नाकाशी धरली आणि छाती भरून श्वास घेतला.

रॉकेललाही वास नव्हता.