कडेची जागा

“नव्या सुनेला कडेला उभी करा,” बॅरोनेस एर्सिलिया फोटोग्राफरला म्हणाली. “आणि मध्ये चार बोटं जागा सोडा. पुढंमागं तिला फोटोतून कापायची वेळ आली तर कुणाचा खांदा जायला नको.”

आवाज खाली करायची तिला गरज वाटली नाही. सून, नुंत्सिया, तिथंच उभी होती. लग्नानंतरचा हा पहिला फोटो. पालेर्मोतल्या या स्टुडिओत, याच रंगवलेल्या पडद्यापुढं, घराण्याच्या तीन पिढ्या मान ताठ करून बसून गेल्या होत्या.

फोटोग्राफर लिकाउझी ओशाळला. “बाईसाहेब, नवीन जोडप्याला मधोमध घ्यायची रीत आहे.”

“ती बरोबरीच्या घरांत.”

नणंद फियामेत्तानं रुमाल नाकाशी नेला. “वहिनी, हातमोजे घाल ना. फोटोत वास येत नाही म्हणा, पण बघणाऱ्याला उगाच आठवण होते.”

नुंत्सियाचं माहेर त्रापानीचं; तिथं तिच्या वडिलांचा ट्यूना मासळीचे डबे भरायचा कारखाना होता. या सगळ्यांच्या अंगावरची नवीकोरी मखमल त्या डब्यांतूनच निघाली होती. सासऱ्याच्या, म्हाताऱ्या बॅरनच्या, छातीवरची पदकं गहाण पडली होती, तीही त्या डब्यांनीच सोडवून आणली होती.

“झाला का फोटो?” बॅरननं विचारलं. त्याला ऐकू कमी यायचं.

नुंत्सियानं नवऱ्याकडं पाहिलं. कोर्रादो बाहीची बटणं सारखी करत होता.

“कोर्रादो, तू इकडं ये. माझ्याशेजारी,” ती म्हणाली.

“अगं, आई म्हणते तसं करूया ना. एका फोटोचा काय तमाशा करायचा?”

ती कडेला जाऊन उभी राहिली. लिकाउझी कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात शिरला, बाहेर आला, खुर्च्या हलवल्या, परत शिरला. तो पुन्हा बाहेर आला तेव्हा नुंत्सिया त्याच्यापुढं उभी होती.

“मला बघू द्याल? घराणं कसं दिसतं ते.”

त्यानं कापड वर धरलं. ती आत वाकली.

कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळे उलटे लटकत होते. पाय वर, डोकी खाली, वटवाघळांसारखे. तिला हसू आलं. तेवढ्यात बाहेरून सासूचा आवाज आला, “ती कड ओकीबोकी दिसतेय. कोर्रादो, सरक तिकडं.”

काचेवर कोर्रादो सरकला. लगेच. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिच्या रिकाम्या जागेत नीट उभा राहिला, कोट खाली ओढला, हनुवटी उचलली.

नुंत्सियाचं हसू गेलं. ती कापडाबाहेर आली. केस सारखे केले, टोपी घेतली.

“घ्या फोटो,” ती लिकाउझीला म्हणाली. “माझ्यासाठी खोळंबू नका.”

“कुठं निघालीस?” कोर्रादोनं जागेवरूनच विचारलं.

“त्रापानीला.”

दार लागलं. जिन्यावर तिच्या टाचा वाजत खाली गेल्या. कोर्रादोची मान दाराकडं वळायला लागली.

“हलू नकोस,” बॅरोनेस म्हणाली.

तो हलला नाही.