बंद करायचं बटण

"हलू नका, अण्णा," कर्दनकाळ म्हणाला आणि सासऱ्यांच्या गालावरून वस्तरा फिरवू लागला.

अण्णा हलले नाहीत. त्यांना काही ऐकू गेल्याचं दिसलं नाही. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून घरात ते ठार बहिरे म्हणूनच ओळखले जात आणि जिना उतरायला त्यांना पाव तास लागायचा. त्यांची दाढी रोज जावईच करायचा.

कर्दनकाळ हे त्याचं कामावरचं नाव. शहराला वेठीस धरणं हा धंदा. पण नऊ हल्ले केले आणि नऊच्या नऊ फसले. दर वेळी तो मेला वीजवीर आकाशातून यायचा. मुखवट्याखालची तेवढी हनुवटी पुढे काढून हसायचा आणि थेट यंत्र बंद करायच्या बटणापाशी जायचा.

"बटण ठेवायचंच कशाला?" बायको विचारायची.

"आणि कुणाला लागलं-बिगलं तर?" कर्दनकाळ दचकून म्हणायचा. मुंगीवर पाय पडला तरी या खलनायकाला दोन दिवस जेवण जायचं नाही.

"आज महापौरांना खुर्चीसकट वर टांगणार," वस्तरा पुसत तो म्हणाला. "खुर्चीवर उशी ठेवलीये. पोरगी पहिल्यांदाच बघायला येतेय हो. काल म्हणाली, बाबा, तू एकदा तरी जिंक ना, वर्गात सगळे मला चिडवतात. आता तिच्यासमोर आपटलो, तर घरी कुठल्या तोंडाने येऊ?"

अण्णा भिंतीकडे बघत होते.

"म्हणून बटण या वेळी माझ्या सीटखाली, जेवणाच्या डब्यामागे दडवलंय. तुमच्या लेकीलाही सांगितलेलं नाही. दर हल्ल्याच्या वेळी ही बरी बाजारात असते!"

बोलण्याच्या भरात वस्तरा निसटला. अण्णांच्या हनुवटीवर रक्ताचा थेंब आला. कापूस सापडेना, तेव्हा त्याने यंत्राच्या आराखड्याचा निळा कोपरा फाडून तिथे चिकटवला.

दुपारी भर चौकात यंत्राचा लांबलचक हात वर गेला. महापौर खुर्चीतून ओरडत होते, "अजून थोडं वर घ्या, माझं घर दिसतंय!"

एवढ्यात वीजवीर आलाच.

कर्दनकाळाने आधी गर्दीत बघितलं. बायको तिथेच होती, पोरीला कडेवर घेऊन. म्हणजे वीजवीर ही नव्हे! उगाच संशय घेतला म्हणून तो मनातल्या मनात ओशाळला.

वीजवीर सरळ सीटपाशी उतरला. वाकला. त्याने डबा बाजूला सारला आणि बटणावर बोट ठेवलं.

"बाबा, हरू नकोस!" पोरगी किंचाळली.

बोट थांबलं. वीजवीराने पोरीकडे बघितलं. मग डबा हळूच जागेवर सरकवला, छातीवर हात मारला आणि "मेलो, मेलो, हरलो!" म्हणत तो धाडकन उताणा पडला.

चौकात टाळ्यांचा कडकडाट झाला. महापौरही वरून टाळ्या पिटत होते. पोरगी आईच्या कडेवरून उतरून थयथया नाचत होती. "माझा बाबा जिंकला!" कर्दनकाळाला हसू आवरेना आणि रडूही आवरेना.

तो खाली उतरला, वीजवीराजवळ गुडघ्यांवर बसला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात पुटपुटला, "लागलं नाही ना हो?"

"छे," वीजवीर तितक्याच हळू म्हणाला. "सकाळी लागलं तेवढंच." आणि त्याने हनुवटीवरचा निळा कपटा बोटाने नीट दाबून बसवला.