वन्स मोअरचं बोट

पडद्यावरच्या पोरीनं आठवं गाणं संपवलं, तरी तिला पाणी लागलं नाही. अंजनानं ते पाहिलं आणि स्वतःच्या बाटलीतलं कोमट पाणी दोन घोट प्यायली. आज तिच्या मौनाचा नववा दिवस होता.

सांगलीतल्या एका मंगल कार्यालयात जपानी संस्कृतीचा मेळावा भरला होता. रंगीत केसांचे टोप घातलेली कॉलेजची पोरंपोरी खुर्च्या सोडून उभीच होती. समोर जाळीदार पडद्यावर जांभळ्या केसांची एक मुलगी नाचत गात होती. ती खरी नव्हती. कॉम्प्युटरमध्ये तयार केलेली गायिका, आवाजही तिथंच घडवलेला. तिचं जपानी नाव जोतीरामला उच्चारता येईना, म्हणून सकाळपासून तो तिला नुसतं जांभळी म्हणत होता. स्पीकर त्याचे, व्यासपीठाच्या कडेला मांडलेला मिक्सर त्याचा, आणि मागं लोखंडी पेटीवर बसलेली अंजना त्याची बायको.

एरवी या स्पीकरांतून अंजना गायची. जोतीरामचा ऑर्केस्ट्रा आणि अंजना त्यातली मुख्य गायिका. हळदी, बारशी, यात्रा, निवडणुकीचे विजय, काही म्हणून सोडलं नव्हतं. या भागातले लोक गाण्यावर जीव टाकतात, पण जीव जातो गायिकेचा. आवडलेलं गाणं एकदाच ऐकून घरी जायची इथं पद्धत नाही. वन्स मोअर आला की जोतीराम उजव्या हाताचं बोट वर करून हवेत गोल फिरवायचा आणि अंजना तेच गाणं पहिल्यापासून सुरू करायची. एकोणीस वर्षं हे चाललं होतं. वाईला तर एकच गाणं तिनं सात वेळा म्हटलं होतं. लोक खूश झाले. पुढचे दोन दिवस अंजना खुणांनी बोलत होती.

आता घशात गाठी झाल्या होत्या. डॉक्टरांनी एकवीस दिवस आवाजाला पूर्ण विश्रांती सांगितली. नाहीतर ऑपरेशन, आणि त्यानंतर गाता येईलच असं नाही. जोतीरामनं सगळं मान डोलावत ऐकलं. तो काही वाईट माणूस नव्हता. घरी भाजी तोच चिरत होता, शेजारणींना दारातूनच परत पाठवत होता, अंजनाचे फोन घेत होता. अशाच एका फोनवर त्यानं उद्याचा इस्लामपूरचा हळदीचा कार्यक्रम कबूल करून टाकला.

अंजनानं लेकीच्या जुन्या पाटीवर लिहिलं होतं, ‘डॉक्टर?’

“डॉक्टर बोलू नको म्हणालेत,” तो म्हणाला होता. “गाऊ नको कुठं म्हणालेत? दिसभर गप ऱ्हा, सांजच्याला नुसतं गा. बोलायचं काम मी बघतो.”

त्याला ते मनापासून पटलेलं होतं, हीच पंचाईत होती. दमलेल्या माणसाला भांडायचाही कंटाळा येतो, त्यातून पाटीवर लिहून भांडायचं तर विचारूच नका. अंजनानं पाटी पुसली. त्यानं तो होकार धरला.

अकरावं गाणं संपलं. जांभळीनं कमरेत वाकून नमस्कार केला आणि कार्यालय दणाणून गेलं. गाणं जपानी असलं तरी लोक सांगलीचेच होते. वन्स मोअर, वन्स मोअर.

जोतीरामचा हात आपोआप वर गेला. गर्दीकडं बघत त्यानं बोट हवेत गोल फिरवलं. जांभळी आणखी एकदा वाकली आणि पायाकडून वर विरत विरत नाहीशी झाली. गाणं सुरू होईना, म्हणून त्यानं बोट अजून जोरात फिरवलं.

शेजारी लॅपटॉपवर ब्राह्मी चौगुले बसली होती. मेळावा तिनंच भरवला होता. तिचं घर जैन, वडीलधारी मंडळी दिवस मावळायच्या आत जेवणारी, म्हणून कार्यक्रमही दुपारचाच ठेवलेला. तिला हसू आलं.

“काका, तिला अकराच गाणी दिलीत. बारावं तिच्याकडं न्हाईच,” ती म्हणाली. “आणि तुमचं बोट तिला कुठं दिसतंय?”

दोन-तीन मिनिटं ओरडा चालला. मग पोरांनी भरपूर टाळ्या वाजवल्या, एकमेकांचे फोटो काढले आणि सगळी चहाला गेली. कुणी खुर्ची फेकली नाही. कुणी आयोजकांना शोधत आलं नाही. अंजना बघतच राहिली. बारावं गाणं न म्हणता गायिकेला जाता येतं, आणि तरीही लोक टाळ्या वाजवतात, हे तिला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. तिला जांभळीचा हेवा वाटला. मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली आणि तिला फार वाईट वाटलं. बोट फिरवताना जोतीराम पडद्याकडं बघत नव्हता, लोकांकडं बघत होता. अंजना गायची तेव्हाही तो लोकांकडंच बघायचा.

वायरी गुंडाळताना इस्लामपूरचा फोन आला. जोतीराम बोलत बोलत मोकळ्या खुर्च्यांच्या दिशेनं चालू लागला. येतोय की, म्हणाला. बाईंचा आवाज एकदम झकास हाय, म्हणाला. मग पलीकडून काहीतरी विचारणा झाली.

“वन्स मोअर? घ्या की पाव्हणं, कितीबी घ्या,” तो म्हणाला, आणि मागं न बघताच अंजनासाठी बोट वर करून गोल फिरवलं.

अंजनानं हातातली वायर खाली ठेवली. दोन्ही हात जोडले आणि जांभळीसारखीच कमरेत वाकली. पण जोतीरामची तिच्याकडं पाठ होती. त्याला ते दिसलं नाही. बोट फिरतच होतं. ती सरळ झाली. नऊ दिवस जपून ठेवलेल्या आवाजातला एका शब्दापुरता आवाज तिनं काढला.

“न्हाई.”

आवाज फाटका होता, पण रिकाम्या कार्यालयात पार दारापर्यंत गेला. बोट तसंच वर ठेवून जोतीराम वळला, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं गायिकेकडं बघितलं.