गार्डचा डबा

आमचे हे म्हणजे हट्टाची कमाल! पक्षाघातातून उठल्यापासून तीन महिने तोंड उघडलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, बोलता येईल, पण ह्यांच्या मनात यायला हवं. काल ह्यांचे रेल्वेवेडे मित्र टेबलावरच्या छोट्या आगगाडीभोवती बसून कोळशाच्या इंजिनाला डिझेलचं म्हणत होते. मीच तसं बजावलं होतं.

"वहिनी, असं चुकीचं बोलताना जीभ जळते हो," एक जण कुजबुजला.

हे ढिम्म. शेवटी मीच शेपटीचा गार्डचा डबा काढून इंजिनाच्या पुढ्यात जोडला. ह्यांचे ओठ थरथरले. "शे... शेव..."

मित्र डोळे पुसू लागले. मी म्हटलं, "चाळीस वर्षं माझ्या चुका काढल्यात, आता गप्प बसून सुटाल होय? नीट 'शेवटी' म्हणेपर्यंत डबा इथेच राहील."