दोन बोटांचा फरक

शेवटचा स्क्रू निघाला, बाळाजीने स्पीकर फळीवरून उचलला, आणि शेजारच्या पितळी डब्यातल्या होकायंत्राचा काटा हलला.

लाँच डुलली असेल, असं त्याला वाटलं. पण आगरदांड्याच्या धक्क्याला पाणी बशीतल्या चहासारखं निवांत होतं. त्याने स्पीकर पुन्हा फळीजवळ नेला. काटा स्पीकरकडे वळला. लांब धरला. काटा परत गेला. चांगला दोन बोटं सरकला.

बाळाजीने स्पीकर उलटा केला. स्पीकरच्या पाठीला केवढा लोहचुंबक असतो, हे त्या किनाऱ्यावर त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मुंबईत रेडिओच्या दुकानात चार वर्षं काढून आलेला माणूस. लग्न असो की सत्यनारायण, कर्णा बाळाजीचाच. गेल्या दिवाळीत मुंबईच्या शेटना आपल्या सहलीच्या लाँचवर गाणी हवी झाली, तेव्हा हा स्पीकर सुकाणूसमोरच्या फळीवर त्यानेच बसवला होता. तिथे तो शोभून दिसत होता, एवढाच विचार. होकायंत्रातलं त्याला काय कळत होतं? कोळ्याच्या पोटी जन्मून तो दर्यावर कधी गेलाच नव्हता. आणि तांडेलांना चुंबकातलं काय कळणार? उघडीप असली की ते डोंगर बघून लाँच हाकतात. काट्याकडे बघायची पाळी येते ती धुक्यात.

ती पाळी माघात आली. श्रीवर्धनहून परतताना दाट धुकं पडलं आणि लाँच खाडीच्या तोंडाशी खडकावर चढली. पाहुणे वाचले. पुढच्या टोकाला, नाळीवर उभा असलेला खलाशी सदू फेकला गेला, तो दुसऱ्या दिवशी सापडला. सदू म्हणजे बाळाजीचा धाकटा भाऊ.

"काटा सरळ व्हता, देवाशप्पत सरळ व्हता!" तांडेल हरेश्वर त्या दिवशी किनाऱ्यावर ऊर बडवून सांगत होता. चौथ्या दिवशी पंच बसले, तेव्हा मात्र मान खाली घालून तो एवढंच म्हणाला, "चूक माझी." मग काय! आज एक बोलतो, उद्या दुसरं, खोटारडा कुठला, असं सगळ्यांत मोठ्याने ओरडला तो बाळाजीच. चाळीस वर्षं सुकाणू धरलेल्या माणसाला पंचांनी सुकाणूला हात लावायची बंदी केली. तेवढ्याने बाळाजीचं पोट भरलं नाही. नारळी पुनवेला हरेश्वरने पुढे केलेला प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा त्याने साऱ्या कोळीवाड्यादेखत वाळूत टाकला. म्हाताऱ्याने वाकून तो उचलला, कपाळाला लावला आणि निघून गेला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच. आणि चोर इथे पेचकस हातात धरून बसला होता.

दिवाळीला शेट पाहुणे घेऊन येणार होते. लाँच दुरुस्त होऊन कालच पाण्यात उतरली होती. स्पीकर मात्र तसाच राहिला होता. आतली तार मिठाने जाम झाली होती, कागदाचा पडदा कुजला होता. बाळाजीने तार साफ केली, नवा पडदा चिकटवला. उठून हरेश्वरच्या दारात जायला हवं होतं. आत्ताच्या आत्ता. पंचांपुढे उभं राहून सांगायला हवं होतं.

पण घरी तुळशी होती, सदूची बायको. परवाच ती जेवायला वाढताना म्हणाली होती, "भावोजी, तुमी व्हता म्हणून त्यांना न्याव मिळाला." तिला काय सांगायचं? तुझं कुंकू मीच पुसलं? शिवाय मेलेला माणूस परत येत नाही. हरेश्वर तरी आता किती वर्षं सुकाणू धरणार होता? भित्र्या माणसाला सबबी कधी कमी पडत नाहीत. बाळाजीला त्या एकामागून एक सुचत गेल्या. स्पीकर काट्यापासून लांब लावायचा आणि गप्प बसायचं, असं त्याने ठरवलं. ठरवल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली, पण तो उठला नाही.

तो लाँचच्या मागच्या टोकाला स्क्रू पिळत असताना नवा तांडेल धक्क्यावरून खाली उतरला. हा हरेश्वरच्याच हाताखाली तयार झालेला.

"कर्णा मागं लावतोय," बाळाजी त्याच्याकडे न बघता म्हणाला. "फुडं पानी उडतं."

"लाव," तांडेल म्हणाला.

पुढे पाणी उडत नव्हतं. पुढे काच होती, आणि ती तांडेलाच्या डोळ्यांसमोर होती. बाळाजीने मान वर केली. तांडेल काचेकडे बघतच नव्हता. तो खाली, स्वतःच्या पायांकडे बघत होता.

"आरं, मागं का, त्ये इचारलं न्हाईस?"

तांडेल जवळ येऊन बसला.

"तुला कळलंच हाय, म्हणून सांगतो. पंच बसायच्या आदल्या दिशी लाँच खडकावरनं वढली, तवा हरेश्वरनानांनी कर्णा काडून बघितला, लावून बघितला. माझ्याम्होरंच. मला शप्पत घातली, कर्णा लांब लावून घे, पन बाळाजीला कारण कळू देऊ नको. आपल्या हातनं भाऊ गेला ह्ये कळलं तर त्यो जगायचा न्हाय. मी म्हनलं, नाना, त्यो तुमाला गावभर खोटारडा म्हनतोय. तर म्हनाले, म्हनू दे. तेवढंच त्याचं दुख हलकं व्हतंय."